मोटुलेईची शंभर टक्के वीज

मोटुलेई वीज मंडळात केलेपी जनसंपर्क अधिकारी होता. जनतेचा मंडळाशी संपर्क येऊ न देणं हे या पदाचं मुख्य काम असतं, हे त्याला नेमणुकीच्या दिवशीच समजावून सांगण्यात आलं होतं. ते काम तो चोख करी. बेटावरचे दिवे गेले, की लोक मंडळाच्या दारात जमायच्या आत तो तिथल्या औपचारिक पोशाखाच्या रीतीप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून रेडिओ केंद्रावर हजर होई आणि गंभीर आवाजात निवेदन वाची : ‘वीजपुरवठा खंडित झालेला नाही, तो सध्या उपलब्ध नाही, इतकंच.’ लोकांना या दोन्हींतला फरक कळत नसे. पण केलेपीचा आवाज चर्चमध्ये स्तोत्रं म्हणून तयार झालेला असल्यामुळे ऐकायला बरं वाटे.

पॅसिफिकमधल्या टोंगा देशाच्या नकाशावर मोटुलेई शोधायला भिंग लागतं. विजेची साधनं मात्र इथे एखाद्या राज्याला पुरतील इतकी होती. एका देशानं सौर पॅनेलं दिली होती, दुसऱ्यानं तीन पवनचक्क्या आणि तिसऱ्यानं खोलीएवढी मोठी बॅटरी. प्रत्येक देणगीशेजारी देणाऱ्या देशाचा झेंडा आणि पाटी होती आणि पाटी अंधारातही वाचता यावी म्हणून तिच्यावर दिवा होता. पॅनेलांच्या सावलीत गावची डुकरं झोपत. दोन पवनचक्क्या खाऱ्या वाऱ्यानं गंजून राजधानीकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या. तिसरी मात्र फिरायची, म्हणून पाहुण्यांचे फोटो तिच्यापुढे काढत. बॅटरी चालू करायचा सांकेतिक शब्द ज्या कंपनीपाशी होता ती कंपनीच बंद पडली होती. बेट चालत होतं ते दोन जुन्या डिझेल इंजिनांवर. त्यांच्यापाशी पाटी नव्हती, कारण ती मंडळानं स्वतः विकत घेतली होती.

हे सगळं असंच सुखानं चाललं असतं. पण देणगीदार देशांनी आपली परिषद मोटुलेईवर घ्यायचं ठरवलं, आणि परिषदेच्या आधी बेटाची निम्मी वीज हरित असावी अशी अपेक्षा कळवली. मंडळाचे संचालक हावेआसाहेब यांनी केलेपीला बोलावून घेतलं. भिंतीवरच्या पडद्यावर एक वर्तुळ होतं. त्यात काळा भाग डिझेलचा, हिरवा भाग ऊन-वाऱ्याचा.

“हिरवं किती दिसतंय तुला?” साहेबांनी विचारलं.

“पाचवा हिस्सा. चष्मा काढला तर थोडं जास्त.”

“निम्मं करायचंय. नवी पॅनेलं घ्यायला पैसे नाहीत, बॅटरीचा शब्द सापडत नाही. तू शिकलेला आहेस, काहीतरी सुचव.”

केलेपीला घरी जायची घाई होती. बायकोनं, लेसिएलीनं, अळूच्या पानातलं मटण नारळाच्या दुधात शिजवून ठेवलं होतं. तो उठता उठता चेष्टेनं म्हणाला, “हिरवं वाढत नसेल तर काळं कमी करा, साहेब. डिझेल बंद ठेवलं की उरेल ते सगळं हिरवंच.”

हावेआसाहेब हसले नाहीत. ऑफिसात विनोद करणं हे दुय्यम कर्मचाऱ्यांचं काम आहे आणि त्याची अंमलबजावणी करणं हे वरिष्ठांचं, असं ते मानत. थोडा वेळ वर्तुळाकडे बघून ते म्हणाले, “तू बस. उद्यापासून दुपारच्या जेवणानंतर इंजिनं बंद. याला नाव काय द्यायचं तेवढं ठरवू.”

योजनेला ‘ऊर्जा-सुसंवाद’ असं नाव मिळालं. दुपारी इंजिनं थांबू लागली. पॅनेलांची वीज सगळ्यांना पुरायची नाही म्हणून ती आधी मंडळाच्या ऑफिसला, मग पाट्यांवरच्या दिव्यांना आणि उरली तर गावाला, असा क्रम लागला. आठवडाभरातच वर्तुळातला हिरवा भाग फुगून तिसऱ्या हिश्शावर गेला. मग संध्याकाळी इंजिनं बंद झाली आणि हिरवा निम्म्यापर्यंत पोचला. इतकी प्रगती मंडळाच्या इतिहासात कधी झाली नव्हती, आणि तीही एक खिळा न ठोकता.

याच सुमारास देणगीदारांच्या वतीनं पाहणी करायला फिलिपाबाई आल्या. वेलिंग्टनच्या होत्या, हसतमुख होत्या, आणि बेटावरचं सगळंच त्यांना आवडत होतं. फक्त त्यांनी एक शंका काढली. हरित वीज वाढली हे छान, पण पुरवठ्याची विश्वासार्हता कशी आहे? वीज किती वेळा जाते?

त्या मुक्कामाच्या जागी गेल्यावर साहेबांनी दार लावून घेतलं.

“जाते म्हणजे काय रे केलेपी?”

“म्हणजे साहेब, असते आणि मग नसते.”

“तसं नव्हे. न सांगता नसते तिला ‘गेली’ म्हणतात. सांगून नसते तिला नियोजन म्हणतात. नियोजन कुठेही बिघाडात धरत नाहीत. तू फक्त आधी सांगत जा.”

केलेपी आधी सांगू लागला. पण ढग नियोजन पाळत नसत. ज्या वेळी वीज असेल असं सांगितलेलं असे तेव्हा ढग येत आणि एक बिघाड नोंदवावा लागे. शेवटी केलेपीनं एकच कायमचं निवेदन तयार केलं, आणि आपल्या लेखणीचा त्याला स्वतःलाच अभिमान वाटला. ‘उद्या सकाळपासून पुढील सूचनेपर्यंत वीज कोणत्याही वेळी नियोजनानुसार नसेल. ती असल्याचं आढळल्यास तो बिघाड समजून मंडळाला ताबडतोब फोन करावा.’

फोन कुणी केले नाहीत, कारण कुणाचाही फोन चार्ज नव्हता. मंडळाच्या अहवालात ‘तक्रारी : निरंक’ असं आलं आणि त्याखाली ‘ग्राहक समाधानी’ असं साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. विश्वासार्हता शंभर टक्क्यांवर गेली.

घरी गेल्यावर मात्र केलेपीला वास आला. लेसिएली मागच्या दारी खड्डा खणत होती. तिच्या फ्रीझरमधले मासे गेले होते. चर्चच्या मंडळींच्या जेवणासाठी महिनाभर साठवलेले मासे.

“पुरतेयस?”

“मग काय रेडिओवर वाचून दाखवू?” ती म्हणाली. “मासे खराब झाले नाहीत, ते सध्या खाण्याजोगे नाहीत, असं?”

केलेपीनं नाकाला रुमाल लावला.

“मी जनरेटर आणतेय. खाडीपलीकडच्या दुकानात आलेत. सगळे घेतायत.”

“अगं, मी मंडळाचा अधिकारी. माझ्या घरात जनरेटर दिसला तर काय म्हणतील?”

“दिसणार नाही. न्हाणीघराच्या मागे ठेवू.”

“आवाज येईल की.”

“येऊ दे. तुझ्या साहेबांकडे दोन आहेत. त्यांच्या आवाजात आपला कुणाला ऐकू जातोय?”

जनरेटर आला. पावसाळ्यात बेडूक वाढावेत तसे बेटावर जनरेटर वाढले. दर घरामागे एक पेट्रोलवर भणाणत उभा. पास्टरना उंच आवाजात प्रवचन द्यावं लागू लागलं. पण घरचे जनरेटर मंडळाच्या तारांना जोडलेले नव्हते, म्हणून ते वर्तुळात येत नव्हते, आणि वर्तुळात येत नाही तो धूर मंडळाच्या मते धूर नव्हता. उलट लोकांनी मंडळाची वीज मागणंच सोडल्यामुळे इंजिनं सकाळीही लावायची फारशी गरज उरली नाही. काळा भाग सुरीच्या पात्याएवढा राहिला.

बेटावर जनरेटर न घेणारी एकच बाई होती. ती नेमकी केलेपीची नाइते आत्या.

बापाच्या थोरल्या बहिणीपुढे भाच्यानं आवाज चढवायचा नाही, ती मागेल ते द्यायचं, अशी टोंगाची रीत. नाइते आत्या बेटावरच्या अर्ध्या लोकांची या ना त्या नात्यानं आत्या लागत होती, त्यामुळे तिला सरकारचाच दर्जा होता. तिला साखरेचा आजार होता. रोज इन्सुलिनचं इंजेक्शन लागे, आणि ते दवाखान्याच्या फ्रीजमध्ये ठेवलेलं असे. दवाखान्यातल्या सिस्टर मोआलांनी तो फ्रीज गार राहावा म्हणून मंडळाला तीनदा विनंती केली होती. मंडळानं दवाखान्याला ‘अत्यावश्यक ग्राहक’ असा दर्जा दिला. म्हणजे वीज नसल्याची सूचना त्यांना इतरांच्या आधी मिळू लागली.

एका सकाळी आत्या औषधाचा डबा हातात घेऊन मंडळाच्या ऑफिसात शिरली. तिथे फ्रीज चालू होता. ऑफिसमागे मंडळाचा स्वतःचा जनरेटर होता, कारण वर्तुळ दाखवणारा पडदा ढगाळ दिवशी विझायचा. आत्यानं साहेबांच्या सरबताच्या बाटल्या बाजूला सारून डबा आत ठेवला आणि खुर्ची ओढून तिथेच बसली.

“आत्या, तुम्हाला मी आणून देतो ना जनरेटर,” केलेपी हळूच म्हणाला. “लहानसा. आवाज कमी असतो.”

“माझ्या अंगणात खांब आहे का नाही?”

“आहे.”

“तो रोवायला तुम्ही माझा नीरफणस तोडलात. माझ्या आईनं लावलेला. तेव्हा हाच हावेआ हात जोडून उभा होता. म्हणाला, आत्या, या खांबातून तुम्हाला जन्मभर उजेड मिळेल. मला त्या खांबाची वीज हवीय. पेट्रोलची नकोय.”

हावेआसाहेबांनी काचेच्या दारामागून हे ऐकलं आणि ते पुन्हा आत गेले. आत्या त्यांचीही लागत होती.

आत्या रोज येऊ लागली. तिच्या पाठोपाठ घरचं पेट्रोल वाचवायला शेजारणी मासे घेऊन आल्या, कुणी बाळाचं दूध, कुणी परदेशातून आलेलं मटण. आत्यासोबत आलेल्यांना नको कोण म्हणणार? मंडळाचं ऑफिस हे बेटावरचं एकमेव ठिकाण झालं, जिथे वीज मंडळाचा काही उपयोग होत होता. आत्याला वाटलं, हे बघून तरी यांना लाज वाटेल.

फिलिपाबाईंनी ते बघितलं आणि त्या भारावून गेल्या. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. केलेपीच्या तोंडून आपोआप शब्द निघाले, कारण असे शब्द त्याच्या तोंडात कायम तयार असत. “सामुदायिक शीत-सहजीवन. एक फ्रीज, अनेक कुटुंबं.” बाईंनी ते टिपून घेतलं. परिषदेच्या कार्यक्रमात या प्रयोगासाठी अर्धा दिवस राखून ठेवण्यात आला.

परिषद उजाडली. चटया, हार, भाजलेली डुकरं, पाच देशांचे पाहुणे. सकाळीच साहेबांनी केलेपीला कोपऱ्यात घेतलं.

“ऑफिसमागचा जनरेटर बंद कर. पाहुण्यांना आवाज ऐकू येईल. आज सगळं ऑफिस उन्हावर.”

“पण ऊन पडदा आणि पंख्यांनाच पुरेल, साहेब. फ्रीजमध्ये आत्यांचं औषध आहे.”

“दोन तासांत काय बिघडतंय? भाषणं आटोपशीर ठेवायला सांगितलीत मी.”

केलेपीला ठाऊक होतं, की टोंगात भाषण आटोपशीर नसतं, आणि त्यामागून गाणी असतात, आणि गाण्यांमागून जेवण. डबा आपल्या घरी नेऊन ठेवावा, असं त्याच्या मनात आलं. घरचा फ्रीज गार होता. पण डबा घेऊन बाहेर पडताना कुणी विचारलं, की कुठे नेतोस, तर घरच्या जनरेटरचं सांगावं लागलं असतं, तेही परिषदेच्या दिवशी. त्यानं फ्रीजचं दार घट्ट लावलं, हात लावून बघितलं, आणि तो हार घेऊन दारात उभा राहिला.

परिषद तीन दिवस चालली. पहिल्या दिवशी दुपारी पाहुणे शीत-सहजीवन बघायला आले तेव्हा फ्रीजमधून पाणी गळत होतं. नाइते आत्या शेजारी बसून होती. फिलिपाबाई तिच्यापुढे गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी विचारलं, या योजनेनं तुमच्या आयुष्यात काय फरक पडला? केलेपी दुभाषा होता.

“तिला सांग, फ्रीज बंद आहे,” आत्या म्हणाली. “औषध कोमट झालंय. आणि माझ्या भाच्यानं हे सकाळपासून बघितलंय.”

केलेपीनं घसा साफ केला. “त्या म्हणतात, असा फ्रीज त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता. कुटुंबातली तरुण पिढी जातीनं लक्ष घालते, याचा त्यांना विशेष आनंद आहे.”

टाळ्या पडल्या. आत्या भाच्याकडे बघत राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण आपण काही टाळ्यांजोगं बोललो नाही, एवढं तिला कळत होतं.

“मी इतकं गोड बोलले?” तिनं विचारलं.

केलेपीनं मान खाली घातली. रीतीप्रमाणे ते योग्यच होतं.

समारोपाच्या दिवशी मोटुलेईच्या वर्तुळातली काळी रेघही गेली. सबंध वर्तुळ हिरवं. तारांमधून वीज जात होती ती फक्त पाट्यांवरचे दिवे आणि हा पडदा यांच्यासाठी, आणि ती झाडून सगळी उन्हाची होती. शंभर टक्के हरित, शंभर टक्के विश्वासार्ह असं पॅसिफिकमधलं पहिलं बेट म्हणून मंडळाला ढाल मिळाली. इतर बेटांनी हा नमुना उचलावा, अशी शिफारस झाली. केलेपीला बढती मिळाली.

आत्यानं ते तीन दिवस उष्म्यात राहून बिघडलेलंच औषध टोचून घेतलं, कारण नवं राजधानीहून बोटीनं यायचं होतं आणि बोट पाहुण्यांना पोचवायला गेली होती. साखर वाढत गेली. पायाला शिंपल्यानं कापलं होतं ती जखम चिघळली. बोट परत आल्यावर केलेपीनं तिला उचलून चढवलं. ती हलकी झाली होती. वाटेत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि राजधानीतल्या इस्पितळात डाव्या पायाची बोटं काढली तेव्हाही, बाहेर भाचा बसलाय, त्याला काही खायला द्या, एवढंच तिनं नर्सला सांगितलं. केलेपीला ते जेवण गिळेना. पण त्यानं संपवलं, कारण तिनं पाठवलं होतं.

आत्या काठी घेऊन बेटावर परतली तेव्हा मंडळ डिझेलची इंजिनं भंगारात काढायला निघालं होतं. त्याआधी कायद्यानं लोकांना एकदा विचारावं लागतं. चर्चच्या सभागृहात जनसुनावणी ठेवली होती. बाहेर जनरेटर भणाणत होता, आत दिवे लख्ख होते. हावेआसाहेबांनी ठराव वाचला आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारलं.

आत्या उठली. तिला उठायला वेळ लागला, तोवर सगळे थांबले.

“मी काही फार बोलणार नाही,” ती म्हणाली. “इंजिनं गेली, की खांबांत पुन्हा वीज यायची नाही. खांबाची वीज सगळ्यांना सारखी होती. माझ्या घरात दिवा लागला की तुझ्याही घरात लागायचा, आणि गेला तर सगळे मिळून मंडळाला शिव्या घालायला जायचो. ज्यांना ती परत हवीय, त्यांनी हात वर करा.”

तिनं स्वतःचा हात वर केला आणि सभागृहभर नजर फिरवली.

खाडीपलीकडचा दुकानदार छताकडे बघत होता. त्याच्याकडे जनरेटरची नवी खेप आली होती. पास्टरांनी डोळे मिटले होते. चर्चला देणगीदारांनी मोठा जनरेटर दिला होता, आणि तो दिसावा म्हणून त्याच्याशेजारी पाटीही. सिस्टर मोआला हलक्या आवाजात म्हणाल्या, “आता आम्हालाही मिळालाय, आत्या. दवाखान्याचं भागतंय.” मागे कुणीतरी म्हणालं, “आमचंही भागतंय.” मग बऱ्याच जणांचं भागत असल्याचं ऐकू आलं.

आत्याची नजर केलेपीपाशी येऊन थांबली. त्याचा हात मांडीवरून उठला. शेजारी लेसिएली बसली होती. तिच्या फ्रीझरमध्ये आता गल्लीतल्या चार घरांचे मासे असत, आणि त्यातला चौथा हिस्सा ती भाड्यापोटी ठेवून घेई. तिनं नुसतं बघितलं. केलेपीचा हात खांद्यापर्यंत गेला, तिथून कानाकडे वळला, आणि त्यानं कान खाजवला.

ठराव मंजूर झाला. विरोधी मत एक.

केलेपी धावत आत्याच्या मागे गेला. “आत्या, मी आमच्या घरून तुमच्याकडे वायर ओढून देतो. आजच. दिवा, फ्रीज, सगळं चालेल.”

“आणि माझ्या शेजारच्या म्हातारीला? तिला पेट्रोल परवडत नाही.”

“तिला...” केलेपी घुटमळला. “तिलाही कुणीतरी असेलच ना.”

आत्यानं त्याच्या गालाला हात लावला, लहानपणी लावायची तसा, आणि काठी टेकत ती अंधाऱ्या घराकडे निघाली. वाटेच्या दोन्ही बाजूंची घरं लख्ख होती.

हावेआसाहेब दारात उभे राहून तिच्याकडे बघत होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनाही थोडं वाईट वाटलं असावं, कारण ती दिसेनाशी होईपर्यंत ते दारातून हलले नाहीत. मग म्हणाले, “केलेपी, आत्याचं एक चुकलं. वीज गेली, की माणूस पहिल्यांदा काय करतो ठाऊक आहे? खिडकीतून बघतो, शेजाऱ्याचीही गेलीय का. सगळ्यांची गेली असेल तर त्याला बरं वाटतं. आणि सगळ्यांची जाऊन आपलीच राहिली असेल, तर त्याहून बरं. अशा माणसांकडून ती हात वर करून घ्यायला निघाली होती.”

केलेपीनं ही गोष्ट पुढे सुट्टीवर आलेल्या एका परदेशी नातलगाला सांगितली, तेव्हा तो हसून म्हणाला, तुमच्या बेटावरची माणसं भलतीच बुवा. तुम्हालाही तसंच वाटत असेल, तर वाटू द्या. पण आज संध्याकाळी दिवे गेले, तर खिडकीपाशी जाऊ नका.